आईची कवळी

शनिवार, १४ मार्च

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तर राहून गेलं. इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. वर्कशॉपमध्ये काम बऱ्यापैकी असतं. तुझं यंत्र अजून ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही, त्यांना कवळ्या माझ्याकडूनच करून घ्याव्या लागतात.

तुझं कौतुक मात्र घरोघर पोचलंय. आई परवा भाजीवालीला सांगत होती, "माझ्या धाकट्याचं यंत्र काहीही बनवतं." ती म्हणाली, "मग आमच्या सुनेसाठी थोडं वळण बनवून पाठवायला सांगा." दोघी खूप हसल्या. त्या हसताना भाजीवालीचा जो पुढचा दात दिसत होता तो माझ्या हातचा, पण थोरली काय करते हे सांगायचं आईला सुचलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मला तुझा हेवा वाटतो. लिहूनच टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. लहानपणी तुला ताप आला की आई रात्रभर उशाशी बसायची, आणि मी ताप यावा म्हणून ओल्या केसांनी झोपायचे. मला साधी शिंकही यायची नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, आईची कवळी यंत्राने करू का, या. एखादी वस्तू कुणी आपल्या हाताने कुणासाठी करत असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय यंत्राने ती करायची नाही, आणि त्याने नाही म्हटलं तर नाही, असा तुमच्याकडे नियम आहे म्हणतोस. नियम तूच लिहिलास. बंदूक करायची नाही, विष करायचं नाही, हे समितीने ठरवलं. गेलेल्या माणसाचा आवाज करायचा की नाही, यावर समितीत अजून भांडणं चालू आहेत. आईच्या कवळीला मात्र समिती नाही. तिथे एकटी ताई. मी हो म्हटलं तर आईला दात तू दिलेस, नाही म्हटलं तर तिच्या तोंडचा घास मी काढला. तू दोन्हीकडून नामानिराळा.

मी नाहीच म्हणणार होते. कारणंही चांगली जमवली होती. सगळं आयतं मिळायला लागलं की कुणाला कुणाची गरज उरणार नाही, शिकणाऱ्या पोरींना कानस धरता येणार नाही, वगैरे. खरीही असतील ती. पण मी ती जगाच्या काळजीने शोधली नव्हती.

दर शनिवारी दुपारी आई वर्कशॉपमध्ये येते आणि उंच स्टुलावर पाय हलवत बसते. मी तिला निळा कागद चावायला देते. जिथे डाग पडेल तिथे कवळी टोचत असते, तेवढी घासायची, परत कागद द्यायचा. तोंडात कागद असताना बोलू नको म्हटलं तरी ती बोलते. तेवढा वेळ ती माझी असते. तुझं नाव निघतं, पण कमी निघतं.

आज आली तशी म्हणाली, "जन्मजात असावी तशी बसलीये गं." मी म्हटलं, "आ कर." जिभेखाली ही एवढी जखम.

"कधीपासून आहे?"

"तू इतक्या मेहनतीने करतेस. मग काय बोलायचं?"

"अगं, मग जेवतेस कशी?"

"जेवताना काढून ठेवते. तुझ्याकडे यायचं असलं की घालते."

ठोंब्या, तिच्या हिरडीखालचं हाड झिजलंय. खालची कवळी टिकायला आधारच उरला नाही. माझ्या हाताने होण्यासारखं होतं ते केव्हाच करून झालंय. हे मला कळत होतं, आणि तुझं पत्र कपाटात पडून होतं.

तेव्हा माझा होकार आहे. मोजमापं आणि साचा सोबत पाठवतेय. डावीकडची शेवटची दाढ केसभर उंच ठेव. तुझं यंत्र काहीही बनवतं, तर एवढं बनवेल. थोडीशी टोचली की ती माझ्याकडे येईल.

वरची ओळ मी आत्ता परत वाचली. उंच ठेवू नकोस. सगळ्या दाढा सारख्या कर. ती ओळ खोडत नाही, कारण तसं वाटलं हे खरं आहे.

एक मात्र सांगते. तू करशील ती कवळी कधी दुखणार नाही, म्हणजे तुझ्यासाठी दुखणं लपवून हसायची वेळ आईवर कधी येणार नाही. ते तिने फक्त माझ्यासाठी केलं. तेवढ्यापुरती मी तुझ्या पुढे आहे, आणि आज तेही सोडतेय.

तुझी कवळी आल्यावर शनिवारी ती आली नाही, तर का ते मी तिला विचारणार नाही.

आईची थोरली,
ताई