दीड तासावरचा मुलगा

उझगेन, ४ फेब्रुवारी २००७

चि. कालमामात यास, अल्लाह तुला सुखरूप ठेवो.

फोनवर तोंडून भलतंसलतं जाईल म्हणून लिहितो आहे. शेजारचा मिर्झा परवा मॉस्कोच्या विमानात बसतोय, त्याच्याकडे देतो. बाबांची छाती भरली आहे. डॉक्टर म्हणाला, वसंतापर्यंत धरून चाला. तुला किती निरोप धाडले, तू औषधं आणि गरम कोट पाठवतोस. कोट काय बाबांचा हात धरून बसणार आहे?

तुझं पहिलं तिकीट त्यांनी कुराणाच्या गवसणीत जपून ठेवलंय. आपल्या ओशच्या विमानतळावरून सातला निघणार, मॉस्कोला साडेआठला उतरणार. मेंढ्या बाजारात न्यायलाही याहून जास्त वेळ लागतो, असं येईल त्याला सांगतात. दीड तासावरचा मुलगा नऊ वर्षांत फिरकला नाही. आपल्यात दूरच्या मुलाची वाट बघत मयत तीन दिवस तंबूत ठेवतात. पण ‘कालमामातसाठी मला एक दिवसही ठेवायचं नाही’, अशी काल बाबांनी मला शपथ घातली. लाज वाटत असेल तर ये.

लोभ आहेच, सध्या दिसत नाही इतकंच.

तुझा थोरला भाऊ
अब्दिमालिक

मॉस्को, १९ फेब्रुवारी

ती. आका यांस, सलाम वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चुरगाळलं. गावच्या शाळेत दहा वर्षं बसलात ना? इथली घड्याळं आपल्यापेक्षा तीन तास मागे आहेत. विमान साडेचार तास उडतं, मध्ये तीन हजार किलोमीटर आहेत. बाबांची समजूत मला ठाऊक होती. तेव्हा आई होती, रोज रडायची, म्हणून मीही दीड तासच म्हणत राहिलो. पण तुम्ही तर तिथेच होतात. तुम्हाला खरंच कळलं नाही, की ऐकायला बरं वाटत होतं?

माझे इथले कागद कधीच संपलेत. एकदा बाहेर पडलो की पाच वर्षं आत घेणार नाहीत. बायको-मुलं इथे आहेत. आधी बाबांना खरं सांगा, मग मला लाज शिकवा.

वहिनींना सलाम. माया आटू देऊ नका.

आपला
कालमामात

उझगेन, ३ मार्च

चि. कालमामात, आशीर्वाद.

हो, कळलं होतं. मिर्झा दर खेपेला गावात आल्यावर घड्याळ फिरवायचा, ते मी पाहिलं होतं. बाबा तुझ्यावर संतापले की माझ्यावर संतापत नसत. पाच वेळा नमाजाला उभा राहूनही हे झाकून ठेवलं. त्याचा जाब मला अल्लाहला द्यायचा आहे, तुला नाही.

शुक्रवारी त्यांना सगळं सांगितलं. गाढवालाही कोणी बोलणार नाही इतकं मला बोलले. मग म्हणाले, साडेचार तास म्हणजे लांबच की, पोराला उगाच शिव्या दिल्या. त्याला कळव, येऊ नकोस, मुलं सांभाळ. तंबूची गोष्टही आता काढत नाहीत.

त्यांनी तुला सोडलं. मी सोडलेलं नाही. साडेचार तासही काही फार नाहीत. ये.

मुलांना माझी आठवण सांग, त्यांचं प्रेम तरी राहू दे.

अब्दिमालिक

मॉस्को, १२ मार्च

ती. आका यांस, सलाम.

तिकीट काढलंय, एकेरी. हे पत्र आणणाऱ्यामागोमाग, अठराला पहाटे ओशला उतरेन. बायको दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिचंही बरोबर आहे.

तुम्ही म्हणालात म्हणून येतोय असं समजू नका, आपलं भांडण शिल्लक आहे. विमानतळावर दुसऱ्या कुणाला पाठवा. बाबा शिव्या देत होते तोवर मला वाटायचं, म्हातारा वाट बघतोय. येऊ नकोस म्हणाले, ते सोसलं नाही.

लोभ ठेवा, जमेल तितका.

कालमामात