आबा, मी जुनीच गाडी घेतली

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. तोवर तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी ड्रायव्हरच्या सीटवर एकदाच बसले होते, तेही किल्ली फिरवण्यापुरती. आता मी हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी करते. घरातली पहिली पदवीधर मीच. गेल्या आठवड्यात मी स्वतःची गाडी घेतली. ऑफिसात पेढे वाटले, गावात, लोणी काळभोरला, घरोघरी दिले. पण सगळ्यात आधी सांगायचं होतं ते तुम्हाला, कारण ही गाडी मी बऱ्याच अंशी तुमच्या नाकावर टिच्चून घेतली आहे.

तुमची ती पांढरी गाडी रोज सकाळी मी पुसायची. टपावरची 'एल'ची पाटी, काचा, डॅशबोर्ड, आणि डावीकडच्या सीटपुढे तुमच्यासाठी बसवलेले जादा क्लच आणि ब्रेक. त्या दोन पेडलांवर तुमचा धंदा चालायचा. शिकणाऱ्या बाईचा पाय चुकला की तुम्ही अलगद ब्रेक दाबायचात आणि वर म्हणायचात, "छान, मॅडम, बरोबर थांबलात." ती खूश व्हायची. गाडी आपणच थांबवली असं तिला वाटायचं. नव्यानं आलेल्या आयटी कंपन्यांतल्या कितीतरी मुली तुमच्याकडे शिकल्या. त्यांच्याशी बोलताना तुमची भाषासुद्धा बदलायची, 'हाय'चं 'आहे' व्हायचं.

एका रविवारी मी तुमचा डबा घेऊन कालव्याकडच्या मैदानावर आले आहे. तुम्ही टपरीवर चहा घेताय, शिकायला आलेल्या एक बाई सावलीत उभ्या आहेत. गाडी रिकामी आहे, किल्ली तशीच लटकते आहे. मी आत बसते. सीट मागे असल्यामुळे पाय पुरत नाहीत, म्हणून पुढे सरकून बसते आणि किल्ली फिरवते. इंजिन सुरू होतं, एवढंच. गाडी जागची हललेलीही नाही. तुम्ही कप टाकून धावत येता, दंडाला धरून मला बाहेर ओढता. "बापाचं नाक कापायचं हाय का तुला?" त्या बाई मध्ये पडतात. "अहो, बसू दे की! तिला तर तुम्ही लवकरच शिकवाल ना?" तुम्ही लगेच हसता, भाषा बदलता. "तिला काय करायचंय, मॅडम? ती गाडी पुसते छान." त्या बाईही हसतात. दंडावरचे वळ दोन-चार दिवसांत गेले असतील. ते हसू अजून गेलेलं नाही.

त्याच वर्षीचा दसरा. झेंडूच्या माळा मी ओवल्या, चाकांखाली लिंबं मी ठेवली, आणि पूजेच्या वेळी स्टेअरिंगवर बसवलंत ते माझ्या धाकट्या भावाला. तेव्हा त्याला चिखलातून सायकलसुद्धा धड काढता येत नव्हती. त्याच्या हातात तुम्ही किल्ली दिलीत आणि माझ्या हातात नवं पिवळं फडकं. "भारीतलं हाय, ओरखडा न्हाई पडत," असं कौतुकानं म्हणालात. तुम्ही ते मनापासून दिलं होतंत, याचाच मला जास्त राग आहे.

पुढे मी पैसे भरून दुसरीकडे गाडी शिकले. नोकरी लागल्यापासून एकच ठरवलं होतं, घ्यायची तर जोरदार गाडी घ्यायची. पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. माझ्या बजेटमध्ये दोनच गोष्टी बसत होत्या. एक शोरूममधली कोरी छोटी हॅचबॅक, टर्बो इंजिनची, वॉरंटीवाली, निदान काही वर्षं डोक्याला ताप नाही. नाहीतर तेवढ्याच पैशात कुणीतरी वापरलेली जर्मन सेदान. इंजिन दोन लिटरचं, ताकद जवळजवळ दुप्पट, रस्त्याला धरून चालणारी, पण वॉरंटी संपलेली आणि पार्ट महाग. मी दोन्ही चालवून पाहिल्या. हॅचबॅक चुणचुणीत होती. सेदान चालवून उतरले तेव्हा मी एकटीच हसत होते.

तरी दोन महिने मी नवीनच घेणार म्हणून सगळ्यांना सांगत होते. कारण भाऊ म्हणाला होता, "ताई, आबा असते तर जुनीच घे म्हणाले असते. शोरूमच्या बाहेर चाक पडलं की किंमत पडली, असं म्हणायचे ना ते?" बस. तेवढं मला पुरलं. तुम्ही आयुष्यात कधी कोरी गाडी घेतली नाहीत, म्हणून मी घेणार. रिबीन लावलेली, शोरूमवाले मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो काढतात ती. आईला शेजारी उभं करायचं आणि तो फोटो तुमच्या तसबिरीखाली लावायचा. किती वेळा डोळ्यांसमोर आणलाय मी तो फोटो!

मग एका संध्याकाळी, शोरूममध्ये बुकिंग करायला निघताना, मला एकदम तुमची ती डावीकडची पेडलं आठवली आणि माझा असा संताप झाला म्हणून सांगू. दोन महिने मला वाटत होतं, निर्णय मी घेतेय. ब्रेक तुम्ही दाबत होतात, आबा. तुम्ही म्हणाला असतात म्हणून घेणं काय आणि तुम्ही म्हणाला असतात म्हणून न घेणं काय, गाडी तुमच्याच पायाखाली. मी बुकिंग केलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन सोलापूर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात तसलीच एक सेदान बघायला गेले.

यार्डाचा मालक भावाशीच बोलत होता. "साहेब, पिकअप बघा, एकदम रॉकेट. मॅडमना आतला कलर दाखवतो." भाऊ म्हणाला, "गाडी तिची हाय, पैसे तिचे हायेत. मी नाश्ता करायला आलोय." मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी तिथे चिखलाची रेघ राहते. मग मॅट उचलून खाली हात फिरवला, थंड इंजिन सुरू करून ऐकलं. मालकाचा सूर बदलला. "मॅडमना गाडीतलं कळतंय की! कुठले तुम्ही?" भावानं लोणी काळभोर म्हटलं मात्र, मालकाचे डोळे चमकले. "तिथले ड्रायव्हिंग स्कूलवाले आबा माहितीयेत का? देवमाणूस! मी त्यांच्याकडेच शिकलो." "आमचेच वडील," भाऊ म्हणाला. मालकानं मला हातच जोडले. "मग काय बोलायचं! तुम्हाला तर पाळण्यातच शिकवलं असेल त्यांनी!"

इतकी वर्षं असं कुणी म्हटलं की आम्ही नुसतं हसायचो. आईची तशी ताकीदच होती, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. त्या दिवशी मी नाही हसले.

"नाही. त्यांनी मला शिकवलं नाही."

"असं कसं? अख्ख्या गावाला शिकवलं त्यांनी..."

"गावाला शिकवलं. माझ्याकडून गाडी पुसून घेतली. एकदा नुसती किल्ली फिरवली तर चारचौघांत दंडाला धरून खाली ओढलं. देवमाणूस तुमचे असतील."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. भाऊ उगाच टायर दाबून बघत बसला. यार्डातली आणखी दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे वळून बघत होती आणि मला जराही लाज वाटली नाही. बरं वाटलं, आबा, फार बरं वाटलं. उद्या त्या माणसानं हे आणखी चार जणांना सांगितलं तर मला हवंच आहे.

तर ती गाडी मी घेतली. जुनी, गडद निळी. तुमचं म्हणणं बरोबर निघालं म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. चांगली होती म्हणून घेतली. आईला पुढे बसवून उरुळीपर्यंत नेलं. ती सारखी पदर सावरत म्हणत होती, "हळू गं बाई!" थोड्या वेळानं मात्र तिनंच काच खाली केली आणि रस्त्याकडेनं चालणाऱ्या ओळखीच्या बाईला हाक मारली. तुमच्या गाडीत ती कायम मागे बसायची. पुढची सीट भावाची.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट उरते, आणि ती वाचून तुम्ही खदाखदा हसला असता. इतकी ताकद पायाखाली आहे, रस्ता मोकळा मिळतो, मागचे ट्रकवालेसुद्धा हॉर्न देऊन पुढे निघून जातात. आणि मी अजून साठच्या वर गेलेले नाही. भीती वाटते.