लागण झाली

९ एप्रिल

टाळेबंदीत घरात बसून अठरावा दिवस. आज ह्यांनी जाहीर केलं — बाल्कनीत वांगी लावायची! चाळीस वर्षांत स्वतःचा टॉवेल वाळत घातला नाही, आता शेती! जुन्या बादल्यांना भोकं मी पाडली, माती मी भरली. ह्यांनी मार्गदर्शन केलं. खुर्चीतून.

१२ एप्रिल

रोपवाला फाटकाशी सहा रोपं ठेवून दहा पावलं मागे पळाला, जणू मी वाघीण. लांबूनच ओरडला, "मावशी, लागण झाली की कळवा, मग खताचं सांगतो!" शेतीतला माणूस, रोपं लावण्याला लागण म्हणतो. सुटसुटीत शब्द. आवडला.

१३ एप्रिल, सकाळ

सहाही रोपं लावली. कंबरेचे टाके ढिले झाले. रोपवाल्याला लगेच कळवलं: "लागण झाली. सहा." तारघरात तीस वर्षं काढलेल्या बाईला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

१३ एप्रिल, दुपार

मजकूर रोपवाल्याला गेलाच नाही. भाचीने काढलेल्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेला.

तासाभरात सत्तावीस फोन. नणंदेला वेगळीच काळजी — "वहिनी, घरात माणसं दोन, मग सहा कोण?" एका चुलतभावाने हात जोडलेली सात चित्रं पाठवली. मी अजून जिवंत होते! भाचीने घाबरून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कळवलं. तो पाठीवर पंप बांधून आला आणि दारावर फवारा मारला. दार उघडं होतं. ह्यांचा चहा वाया गेला.

आणि धाकटीचा, माझ्या बहिणीचा फोन. चार वर्षांनी.

आई गेली तेव्हा मी बहिणीला कळवलं होतं — "आई गेली." आई अधूनमधून मावशीकडे जायची, हिला वाटलं तिकडेच गेली. तिचं उत्तर आलं, "परत कधी येणार?" खरं कळलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आईसाठीसुद्धा दोनच शब्द, ताई?" तेव्हापासून बोलणं बंद.

आज रडत होती. "ताई, ताप किती आहे?"

"वांग्यांना नसतो."

मग — "पुन्हा दोन शब्द! जीव गेला असता माझा! तू सुधारणार नाहीस, तारबाई!" फोन आपटला.

आवाज थेट आईसारखा झालाय तिचा.

१५ एप्रिल

चौदा दिवस जिन्याला पट्टी, ये-जा बंद. सेक्रेटरीला बादल्या दाखवल्या, मुळं दाखवली. "नियम म्हणजे नियम, काकू." धन्य! वांगी विलगीकरणात.

१६ एप्रिल

धाकटीचा फोन. "कसे आहेत?"

"कोण?"

"तुझे सहा पेशंट."

मी हसले नाही. फोन ठेवल्यावर हसले.

२ मे

आता रोज अकराला फोन. पानांना किडे लागले तर राख भुरभुर, पाणी सकाळीच घाल, बादली उन्हाकडे फिरव. जगातलं सगळं तिला येतं, असं तिचं पहिल्यापासूनचं मत आहे. आज मध्येच म्हणाली, मुलगा परदेशात अडकलाय, ती घरी एकटीच असते. "कधीपासून?" विचारलं. "दोन वर्षं झाली तो गेल्याला. तू विचारलं नाहीस."

नाही विचारलं.

चाळीस मिनिटं बोलणं झालं. त्यात माझे शब्द पंधरा असतील. जास्तच झाले.

८ मे

राख टाकली. किडे मेले. तिला सांगणार नाही.

१९ मे

पहिलं फूल! ह्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला — "माझी शेती". माझी! खाली धाकटीने लिहिलं, "भाऊजी, आधी टॉवेल वाळत घाला." चुगली मीच केली होती. ह्यांनी मुकाट्याने टॉवेल वाळत घातला. उलटा.

धाकटीही मिरच्या लावणार म्हणते. "माझी लागण झाली की ग्रुपवर टाकते, बघ कशी धावपळ होते सगळ्यांची!" पन्नाशी उलटली, पोरकटपणा तोच.

२७ मे

अकराचा फोन नाही. माती आणायला गेली असेल. मला काय.

२८ मे

आजही नाही. मी करणार नाही. ज्याला वेळ पाळता येत नाही, त्याने ठरवू नये.

साडेअकराला केला. उचलला नाही. बाराला केला. एकला केला.

२९ मे

अकराला धाकटीचा मजकूर. "लागण झाली."

हुश्श झालं. लिहिलं, "किती मिरच्या?"

उत्तर आलं — "ताई, मिरच्या नाहीत. दवाखान्यात नेतायत."

लिहायला बसले. आई कशी गेली ते. शेवटच्या सकाळी तिने दोनदा विचारलं, "धाकटी जेवली का?" ते. हे तेव्हाच कळवायला हवं होतं, ते. किड्यांचं आणि राखेचंही लिहिलं. पाठवलं. मजकूर इतका लांब की फोनने अर्ध्यातच तोडून खाली लिहिलं — "पुढे वाचा".

वाच ग बाई. पुढे वाच.