सोललेल्या मुळ्यांबाबत अखेरची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय बावीस, औषधनिर्माणाचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलेला, वैद्य काकांच्या गोळ्यांच्या कारखान्यात रक्तदाबावरच्या सर्पगंधेच्या मुळ्या कुटणारा, ज्याला सगळे लवंगी म्हणतात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. रक्तदाब आत्ताच मोजला, जरा जास्त भरला. तो रागाचा आहे. त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल शंका काढू नये.

कलम १. मोटारसायकल ताईला. आधी ब्रेक दुरुस्त करून घ्यावेत. कॉलेजची पुस्तकं रद्दीत घालावीत. 'तुझ्याच्यानं काही होणार नाही' म्हणणाऱ्या प्राचार्यांना त्यातलं एकही देऊ नये.

कलम २. माझी वही तपासणी प्रयोगशाळेतल्या तिला. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. वहीत प्रत्येक घाण्याचे, म्हणजे गोळ्यांच्या एकेका खेपेचे, आकडे आहेत. शेवटची चार पानं आकड्यांची नाहीत, ती फाडून मग द्यावी. नको, राहू द्यावीत.

कलम ३. हे आजवर काकांना सांगितलेलं नाही. मागच्या घाण्याच्या आधी ती म्हणाली होती, "तुमच्या नमुन्यात माती फार येते." झालं! मी दोन दिवस बसून सगळ्या मुळ्या चाकूने खरवडल्या, पांढऱ्याशुभ्र केल्या. नमुना घेऊन गेलो तर तिने विचारलं, "धुतल्यात की सोलल्यात?"

"चकाचक केल्या."

"अहो, औषध सालीत असतं. सगळं गटारात घातलंत."

तोवर गोळ्या बाजारात गेल्या होत्या, आणि त्यांचा जोर तिपटीने कमी होता. पेशंटचा रक्तदाब उतरेना म्हणून काकांनी सगळ्यांना एकीच्या जागी तीन घ्यायला सांगितल्या. नवा घाणा सालीसकट आहे, पूर्ण जोराचा. तिने तसा अहवाल दिला. काका म्हणाले, "मुळी तीच, वजन तेच, मग जोर तिप्पट कसा? बाई, तुमचं मशीन बिघडलंय." शेजारच्या शिंपीमामांनी चार दिवस नव्या तीन-तीन घेतल्या आणि काल शिवता शिवता मशीनवरच कोसळले. काका म्हणतात, उन्हामुळे. परवा सकाळी साठ खोकी दुकानांत जाणार.

ती मला म्हणाली, "काकांना सांगा."

"मरेन, पण सांगणार नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे त्यांचं, मी एका चाकूने घालवलं."

"परवापर्यंत सांगा. नाहीतर मी सांगते."

कलम ४. म्हणून मी उद्यापासून शिंपीमामांइतक्याच गोळ्या घेणार. काकांनी रोज स्वतःच्या हाताने रक्तदाबाचा पट्टा बांधून आकडा किती उतरतो ते बघावं, आणि तोवर खोकी अडवावीत. ती म्हणाली, "एका माणसावर काही सिद्ध होत नाही, आणि तुमच्यावर तर नाहीच." तिचं हे वाक्यही वहीत आहे.

कलम ५. काकांना काहीही ठेवलेलं नाही. रागाने नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि काका शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत.

स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: ९ मार्च

सही: लवंगी

साक्षीदार १: पॅकिंगच्या मावशी. माझ्यासमोर लिहिलं. लिहिताना रडत होता.

साक्षीदार २: काका. वाचलं. लिहिणारा शुद्धीत आहे, हे मला मान्य नाही. कलम ४ रद्द. गोळ्यांची बाटली माझ्या खिशात आहे. खोकी गाडीवरून उतरवली. त्या बाईंना फोन केला, मशीनबद्दल माफी मागितली. पेशंटची यादी काढली आहे, एकशे बारा घरं. शिंप्यापासून सुरुवात. साल कोणी काढली ते प्रत्येक दारात तू सांगायचंस, तीन गोळ्या कोणी सांगितल्या ते मी सांगेन. चप्पल घाल.