सुईचं लिहायचं राहिलं

३ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

कॉन्व्हेंटच्या जिन्यात बसून आपण डबा खायचो, ते आज आठवलं. मधुमेहामुळे मला गोड वर्ज्य, म्हणून माझ्या वाटणीचा केक तू संपवायचीस आणि वर हा त्याग माझ्यासाठीच असल्याचं सांगायचीस.

आता माझी थोरवी ऐक. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर मॅग्नेशियम आणि झिंक दोन्ही कमी. एवढी ऐसपैस बाई, पण आत धातूची बोंब! त्यांनी गोळ्या दिल्या. पायांतले गोळे गेले, साखर ताळ्यावर आली. माझाच ताळ सुटलाय. वाचनालयात येईल त्याला भोपळ्याच्या बियांवर प्रवचन देते. काल एकाला बिचाऱ्याला फक्त वर्तमानपत्र हवं होतं.

चिमणीला सांग, मावशीनं अखेर या आजाराला चीत केलं, तेही गोळ्यांनी! तुझ्या लेकीला माझंच दुखणं जडल्यापासून जीव तिच्यात अडकलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस, सा. न.

चिमणी दवाखान्यात आहे. धोका टळलाय, हे आधी वाच.

तुझं पत्र नेहमीसारखं जेवताना मोठ्यानं वाचलं. त्यात सुईचं नावही नव्हतं. पोरीनं तेवढंच धरलं आणि मला न सांगता इन्सुलिन बंद केलं. बियांचे बकाणे भरत होती, मला वाटलं भूक सुधारली. मग उलट्या, धाप, आणि शिलाई मशीनवरच कोसळली. आणखी उशीर झाला असता तर काय, ते लिहवत नाही.

रविवारी घरी सोडतील. तिथं नर्स टोचते. घरी मात्र घेणार नाही म्हणते. मावशीला चालतं, मग मलाच का नाही, हा एकच हेका. फोनवर तुम्ही दोघी नुसत्या रडाल, म्हणून पत्रच लिही.

मी रागावलेले नाही. खरं तर आहे. तरी लोभ तोच.

तुझी धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

दात घासल्याचं कुणी पत्रात लिहितं का? शाळेपासून टोचतेय, म्हणून सुईचं लिहायचं राहिलं. आणि ही विदुषी लोकांना प्रवचनं देते!

चिमणे, गोळ्यांनी माझ्यातली कमतरता भरली, बस. त्या नसत्या तर पायांत गोळे आले असते. सुई नसती तर हे पत्र लिहायला मी नसते. ते दिवटं पत्र लिहिलं त्या दिवशीही प्रत्येक जेवणाआधी टोचून घेतलं होतं.

धाकटे, आता वाटप. हे पत्रही चिमणीसमोर मोठ्यानं वाच, सुईची ओळ दोनदा. उरलेल्या बिया तुला. माझ्या गोळ्या मलाच, दुसऱ्या कुणाला नाहीत. तुझा सगळा राग मला, पोरीला त्यातला कणही नको. सोबतची इन्सुलिनची नवी थंड पिशवी चिमणीला. आणि रविवारी जेवणाआधी तिचा फोन मला. दोघी एकदमच टोचू. आधी कोण ओरडतं ते तू ऐक.

चुकीसकट सांभाळून घे.

तुझी ताई