बाबांची दुसरी गोळी

आदरणीय साडूभाऊ,

मनापासून नमस्कार. तुमची कंबर आता सरळ होते का? ताईंचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसला तरी निदान ऐकणाऱ्यांना सवय झाली असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

ताजी बातमी अशी की, आपल्या सासऱ्यांनी परवाच्या स्पर्धेत झाडलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या शेजारच्याच्या लक्ष्यावर लागल्या आणि त्यामुळे शेजारचा पहिला आला. आज सकाळी नेमबाजी क्लबच्या पंचांनी स्वतः फोन करून हे पक्कं सांगितलं. शेजारचा म्हणजे क्लबचे अध्यक्ष. बाबा शेवटून पहिले. आता ही वेळ कशी आली ते सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या कानावर ते तुमच्या मेहुणीकडून (म्हणजे माझ्या बायकोकडून) जाईल आणि त्यात सगळा दोष माझा असेल.

बाबांना लिफ्ट-निरीक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, वर जाणारी कोणतीही गोष्ट ठरल्या जागी थांबली नाही की सहन होत नाही, हे तुम्ही जाणताच. दूध उतू गेलं तरी ते गॅसकडे असे बघतात की जणू त्याचं लायसन्स रद्द करतील. त्यात त्यांचं पिस्तूल. पहिली गोळी बरोबर मध्यभागी. पण धक्क्याने नळीचं तोंड वर उसळायचं आणि ते खाली येईपर्यंत दुसऱ्या गोळीची वेळ संपायची. (या स्पर्धेत गोळ्या जोडीने झाडतात. पहिली सावकाश, दुसरी लगेच.) गेली कित्येक वर्षं बाबांची दुसरी गोळी लक्ष्याच्या वरच्या भिंतीत जात होती. भिंतीवर त्यांचा एक वेगळा कोपराच झाला होता.

मग एका जेवणाच्या वेळी त्यांनी आमटीच्या भांड्यावरून मला शास्त्र समजावलं. गोळी पुढे जाते तेवढाच धक्का मागे बसतो. हात खाली आणि नळी वर, म्हणून तो धक्का पिस्तूल नुसतं मागे ढकलत नाही, तोंड वर फिरवतो. गोळीच्या मागून जळलेल्या दारूचा वायू प्रचंड जोराने येत असतो. नळीला तोंडाशी वरच्या बाजूने भोकं ठेवली, तर त्यातला थोडा वायू वर सुटतो आणि वर सुटताना नळीला खाली दाबतो. संपलं. मला लगेच पटलं, कारण हातातून सुटलेला पाण्याचा पाइप अंगणभर कसा नाचतो ते प्लंबरला शिकवावं लागत नाही.

“बाबा,” तुमची मेहुणी म्हणाली, “माणसासाठी मिळते का हो अशी वस्तू? कुणाचा आवाज वर गेला की खाली दाबायला?”

“त्याने आवाज वाढतो,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “आणि तू भात वाढ.”

त्यांना नळीलाच भोकं पाडून घ्यायची होती. क्लबचा बंदूक दुरुस्त करणारा म्हणाला, “काका, पाडलेलं भोक परत भरत नाही. टोपी बसवा.” टोपी म्हणजे कॉम्पेन्सेटर : नळीच्या तोंडावर आट्यांवर फिरवून बसवायचा एक ठोकळा, त्याला वरून भोकं. काम तेच, फक्त नळी शाबूत. बाबांनी टोपी आणली. पण दुरुस्तीवाला लग्नाला गावी गेलेला आणि स्पर्धा दुसऱ्या दिवशी. “आटे आहेत ना? मग जावई कशाला केलाय?” असं म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

साडूभाऊ, आयुष्यभर मी गळती थांबवली. माझ्या हातून सांधा बसला की तो पुन्हा माझ्याच हातून सुटतो. सवयीने मी आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, टोपी बसवली आणि शेवटी, प्रत्येक नळाला देतो तसा, एक पीळ जास्त दिला. ज्या वस्तूचा सगळा गुण गळण्यातच आहे ती मी गळू नये म्हणून आवळली. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर, नेम धरणाऱ्याच्या बाजूने पाहता, भोकं बाराच्या जागी हवी होती, ती साडेदहावर गेली. मी म्हटलं, दीड तासाने काय होतंय!

झालं ते असं. स्पर्धेत बाबांनी पहिली गोळी मध्यभागी मारली. वायू वर आणि डावीकडे सुटला. डावीकडे उभ्या असलेल्या दंतवैद्यबाईंच्या चष्म्यावर काजळी बसली आणि त्यांनी दिवे गेले असं जाहीर केलं. नळी वर उसळली नाही, हे कबूल करायला हवं. ती उजवीकडे गेली. दुसरी गोळी उजवीकडच्या अध्यक्षांच्या लक्ष्यावर, अगदी मधोमध. पुढची जोडी, तेच. बाबांचा नेम इतका एकसारखा मी कधी पाहिला नव्हता.

गोळ्या आठ झाडल्या तर भोकं बारा कशी, असं पंचांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले, “सराव.” बाबांनी त्या भोकांवर हक्क सांगितला. पंच म्हणाले, “काका, ज्याच्या कागदावर भोक, त्याचं भोक.” खूप आरडाओरड झाल्यावर येत्या रविवारी फेरस्पर्धा ठरली.

आता माझी खरी अडचण ऐका. बाबांनी शपथ घेतली आहे : या वेळी शेवटचा नंबर आला तर क्लब बंद, आणि सोमवारपासून वेळ घालवायला माझ्याबरोबर कामावर. एकदा ते आले होते. एका बाईंच्या सिंकखाली मी आडवा असताना त्यांनी वरून तपासणी केली, काम नापास केलं आणि सहीसुद्धा दिली. त्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं नाही. बाबांना बोलावलं.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा साडू

ता. क. : तुमच्या लेथवर एक पातळ चकती काढून धाडता का? ती मध्ये घातली की भोकं बारावर येतील. घाई आहे.

ता. क. २ : चकती नको. पाकीट चिकटवणार तोच अध्यक्ष दारात आले. त्यांनाही पिस्तुलावर “अगदी तशीच, त्याच हाताने” टोपी हवी होती. मी बसवली. सवयीने एक पीळ जास्त बसला.

ता. क. ३ : अध्यक्षांना माझ्याकडे बाबांनीच पाठवलं होतं, असं तुमची मेहुणी आत्ता सांगते. शिवाय पंचांना भेटून बाबांनी जागाही बदलून घेतली आहे. रविवारी अध्यक्ष पाच नंबरला उभे राहतील आणि बाबा त्यांच्या उजवीकडे, सहा नंबरला. बाबांच्या उजवीकडच्या सात नंबरसाठी क्लबात मारामारी चालली होती, म्हणून पाहुणा खेळाडू म्हणून तिथे मी तुमचं नाव दिलं आहे. गोळी झाडलीच पाहिजे असं नाही. कंबर सांभाळून नुसते उभे राहा. बाबा दुसरे आले तर कप घरातच राहील.