रुतलेली जोडवी

मल्लेश्वरम, १९५८

यशवंतपुरात दुसरं घर थाटलेल्या नवऱ्यास,

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साठतं. पाय भोपळ्यासारखे सुजलेत. कातडीतून पाणी झिरपतं, चादरीला घाण वास येतो. माझीच मला किळस येते. जोडवी मांसात रुतून तिथं पू झाला, तरी तुमच्या आई कापू देईनात. म्हणे, "नवरा जिवंत असताना जोडवी काढतात का गं?"

काल सासूबाई देवळात गेल्यावर मी सोनाराला बोलावून ती कापून घेतली. शेजारच्या राजलक्ष्मीअक्का माझी बोटं बघून दारातच रडू लागल्या, "अय्यो, कधी गेले गं?"

"कधीच," म्हटलं, आणि त्यांना रडू दिलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. मेलेल्याला कोण पत्र धाडतं?

मोकळ्या बोटांची,
कस्तुरा